‘पगार सुरू झाला की बघू’: विद्यावेतन, बचत आणि काही हट्टी गैरसमज

‘एवढ्याशा पैशात काय वाचवणार? पगार सुरू झाला की बघू.’ वांगणीहून सकाळची लोकल पकडून अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून जाणारी मुलं-मुली हे बोलतात, तेव्हा मी समजू शकते. वय एकोणीस-वीस, हातात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे. राग येतो तो हेच वाक्य त्यांचे काका, मामा आणि कधी कधी शिक्षकही बोलतात तेव्हा. ‘अरे, स्टायपेंडमध्ये कसली बचत? मजा कर वर्षभर.’ ज्यांनी याहून कमी पैशांत घरं उभी केली, त्यांनी मुलांना हे सांगावं?

आधी ‘एवढेसे पैसे’ म्हणजे किती ते पाहू. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याखालच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहावी झालेल्याला महिना किमान ६,००० रुपये, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला किंवा पदवीचं शिक्षण घेता घेता उमेदवारी करणाऱ्याला ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. ही रक्कम मोठी नाही, आणि मोठी आहे असं भासवण्याचा माझा हेतूही नाही. पण कमी पैसे असले की बचत होतच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

नोकरीला लागलेल्या माणसाचं बघा. मूळ पगार पंधरा हजार असेल तर त्यातले बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये, भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) कापले जातात. घर भाड्याचं आहे, मुलं शाळेत आहेत, तरी कापले जातात. ते हातात येतच नाहीत, म्हणून खर्चही होत नाहीत. मालकही तेवढीच भर घालतो. या माणसाला कुणी ‘एवढ्याशा पैशात कसली बचत’ असं विचारत नाही.

अप्रेंटिसचा पीएफ मात्र कापला जात नाही. कायद्याच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. पीएफच्या कायद्यानेही या कायद्याखालच्या उमेदवाराला कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. मुलं आनंदाने सांगतात, ‘आमचं काही कापत नाहीत, पूर्ण हातात येतात!’ त्या आनंदात एक गोष्ट निसटते. जी बचत इतरांकडून सक्तीने करून घेतली जाते, ती इथे स्वतःच करावी लागते. तेच बारा टक्के ९,००० वर लावले तर १,०८० रुपये होतात. वर्षाचे १२,९६०. पुढच्या कोर्सची फी, परीक्षांचे अर्ज, नोकरी लागेपर्यंतचा लोकलचा पास यांतलं बरंच काही त्यात बसतं. पगार सुरू होण्याआधीचे रिकामे महिने कसे काढायचे, हा प्रश्न ‘पगार सुरू झाला की बघू’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यातच नसतो. उमेदवारीचा करार मुदतीचा असतो आणि मुदत संपल्यावर कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असं काही बंधन नाही.

‘गरिबाला बचत जमत नाही’ यावर अजूनही कुणाचा विश्वास असेल, तर त्यांच्यासाठी पुरावा देते. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे २००९ चं पुस्तक भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांच्या नोंदींवर आधारलेलं आहे. संशोधक वर्षभर, पंधरा-पंधरा दिवसांनी त्या घरांत जात आणि आलेला-गेलेला पैसा लिहून घेत. हातावर पोट असलेल्या त्या घरांपैकी प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या स्वरूपात बचतही होती आणि देणंही. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्याच घरात बघा. वांगणी-शेलूच्या पट्ट्यात किती तरी मुलांच्या आया बचत गटात आहेत. महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून त्या कर्ज घेतात आणि फेडतातही. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तो अशाच बायांच्या भरवशावर. आईच्या गटाचं पासबुक घरात असताना मुलाने ‘नऊ हजारांत जमत नाही’ म्हणावं, हे मला खटकतं.

ज्या घरात वडिलांचं काम सुटलं आहे, आजारपण आहे आणि त्या नऊ हजारांवरच चूल पेटते, त्या मुलांना मी हे ऐकवत नाही. त्यांचं विद्यावेतन म्हणजे घराचं उत्पन्नच असतं. माझं म्हणणं आहे ते बाकीच्यांना.

त्यांच्यासाठी एक वाट योजनेतच तयार आहे, आणि ती कुणी सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. विद्यावेतन दोन ठिकाणांहून येतं. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे. तिच्यात ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं. म्हणजे ९,००० मधले ४,५०० कंपनीचे आणि ४,५०० सरकारचे. आयटीआय, दहावी-बारावीवाल्यांच्या प्रोत्साहन योजनेत सरकारचा वाटा पंचवीस टक्के, तोही महिना १,५०० रुपयांपर्यंतच. सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. कंपनीचे पैसे बहुधा ठरलेल्या तारखेला पडतात. सरकारचे मात्र कंपनीने योजनेच्या पोर्टलवर हजेरी आणि भरणा नोंदवल्यानंतर, सगळी साखळी पूर्ण झाल्यावर. कधी उशिरा, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम.

त्यामुळे महिन्याचा हिशेब पूर्ण ९,००० धरून मांडणं हीच पहिली चूक ठरते. सरकारचा हप्ता लांबला की मित्राकडे उसने मागावे लागतात, आणि तो एकदम आला की ‘लॉटरी लागली’ म्हणून नवा मोबाइल घेतला जातो. दोन्हीकडे तेच पैसे जातात. महिना कंपनीच्या वाट्यावर चालवा आणि सरकारचा वाटा आला की त्याच दिवशी तो वेगळ्या खात्यात वळवा. ७,००० वाल्याचे १,५०० बाजूला पडले तर एकवीस टक्के बचत झाली. पदवीवाल्याला सगळे ४,५०० ठेवणं जमणार नाही, निम्मे ठेवता येतील. वांगणीत आईवडिलांकडे राहणाऱ्या मुलाचा खर्च म्हणजे पास, शेअर रिक्षा, रिचार्ज, बाहेरचं खाणं आणि वर्षातून एकदा सेफ्टी शूजच्या आतले मोजे फाटले म्हणून केलेली उल्हासनगरची खरेदी. हा खर्च बराचसा कंपनीच्या वाट्यात बसतो. कागदावर मांडून पाहिला तर लगेच कळतं, पण मांडून पाहणारे फार थोडे.

‘महिनाअखेर उरेल ते ठेवीन’ हे तर सोडूनच द्या. महिनाअखेर काही उरत नसतं. पीएफ पगाराआधी कापतात ते याचसाठी.

दुसरा गैरसमज इंटरनेटवरून आला आहे: ५०-३०-२०. निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हा नियम एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. तो लिहिला गेला अमेरिकेतल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या पगारदार कुटुंबांसाठी. घरभाडं न भरणाऱ्या, आईच्या हातचा डबा नेणाऱ्या मुलाने ‘तीस टक्के हौसेला’ असं कुठल्या आधारावर ठरवायचं? तुमचे आकडे तुमच्याच खर्चातून काढा.

मोठी माणसंही चुकतात. ‘वडापाव आणि चहा बंद कर, आपोआप पैसे साठतील.’ सकाळी सहाला घर सोडणाऱ्या आणि दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या मुलाला भूक लागते. रोज वीस रुपये धरले तरी महिन्याचे पाचशे होतात, आणि तो पैसा पोटात जातो. खरी गळती मोबाइलच्या हप्त्यात आहे. ‘झिरो टक्के ईएमआय आहे, व्याज नाही’ असं सांगतात. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. वर उमेदवारी एका वर्षाची आणि हप्ते दीड वर्षाचे, हा हिशेब सही करताना कुणी करत नाही.

‘मी सगळे आईकडे देतो, म्हणजे वाचलेच.’ घरी देणं ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण ते पैसे किराण्यात जातात, आणि जायलाच हवेत. घरी किती द्यायचं ते आईशी बसून ठरवा, ठरलेलं द्या, आणि बचत वेगळी मोजा.

आता ठेवायचे कुठे? इथे भोळेपणाने नुकसान होतं. ‘पोस्टाची आरडी सगळ्यात चांगली’ हे घराघरांत ऐकू येतं. दीर्घ मुदतीसाठी ते बरोबरच आहे. महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, २०२४ आणि २०२५ मध्ये व्याज ६.७ टक्के होतं. पण ही आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी बंद केली तर बचत खात्याच्या दरानेच व्याज मिळतं. बारा हप्त्यांनंतर शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, एवढीच सोय. वर्षभराच्या उमेदवारीनंतर फीसाठी पैसे लागणार असतील तर बँकेची बारा महिन्यांची आरडी घ्या. आणि पहिले दोन-तीन हजार साध्या बचत खात्यातच राहू द्या. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. गाडी बदलापूरलाच थांबली की हातात रोकड किंवा खात्यात शिल्लक लागते. आरडीची पावती तेव्हा कामाला येत नाही.

‘पतपेढीतही पैसे तितकेच सुरक्षित, तिचा माणूस तर रोज दारात येतो.’ बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार प्रति बँक पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. विम्याची बँक असूनही ही गत झाली होती. सगळ्या पतसंस्था वाईट नाहीत, पण वर्षभराची सगळी कमाई एका पिग्मीच्या पुस्तकात ठेवू नका. भिशीचंही तेच.

‘पाचशेची एसआयपी कर, करोडपती होशील.’ वीस-तीस वर्षं थांबायचं असेल तर एसआयपी चांगलीच, पण वर्षाने लागणारी फी तिथे ठेवू नये. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यात निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता.

‘ऑप्शन ट्रेडिंगमधून खर्च सुटतो.’ सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचा. तीन वर्षांत वायदे बाजारातल्या ९३ टक्के व्यक्तिगत गुंतवणूकदारांचा तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाख रुपये. हे मी लोकलमध्ये मोबाइलवर आलेख बघत बसलेल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

‘कॉलेजच्या कन्सेशनवर कंपनीत जाता येतं.’ सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याचाच असतो. कंपनी त्यापुढच्या स्टेशनवर असेल तर पुढचं तिकीट काढावं लागतं, नाहीतर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड.

‘पास वर्षाचा काढला तर जास्त वाचतात.’ तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट. बचत तिन्हींत सारखीच, दहा टक्के. तिमाही पास पुरे.

‘विद्यावेतनावर टॅक्स कापतात.’ ९,००० च्या हिशेबाने वर्षाचे १,०८,००० होतात. करमर्यादा याच्या कितीतरी वर आहे.

‘अपघात झाला तर ईएसआय आहेच.’ शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघात विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, तो बँकेत सांगून घ्या.

‘ओजेटी म्हणजे पैसे मिळणारच.’ कॉलेजने क्रेडिटसाठी पाठवलेल्या ओजेटीला, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंगला, विद्यावेतन द्यायचं बंधन कंपनीवर नाही. ते आहे पोर्टलवर नोंदलेल्या उमेदवारीच्या करारात. ‘विद्यावेतन वाढून बारा हजार झालं’ हेही असंच. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ६,८०० ते १२,३०० रुपयांची शिफारस केली. तुमच्या हिशेबात मात्र तुमच्या करारावर लिहिलेला आकडाच धरा.

आणि शेवटचा गैरसमज, ज्यामुळे सगळ्यात जास्त मुलांचे पैसे अडकतात: ‘माझं खातं आधारला लिंक आहे.’ केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात यायचे त्याची नोंद वेगळी. सरकारचा वाटा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी कधीतरी उघडलेलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं खातं त्या नोंदीत असेल तर पैसे तिकडेच जातील. करारावर सही केल्याच्या आठवड्यातच आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे याच नोंदीची, स्थिती बघा. चुकीचं खातं दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.