बदनापूरच्या सायकलवाटा: ऊन तापायच्या आत

उन्हाळी पुरवणी म्हटली की महाबळेश्वर, माथेरान आणि मराठवाड्यावर उपकार म्हणून म्हैसमाळ. यंदा विषय निघाला सायकलवरच्या भटकंतीचा, आणि चर्चा थेट फिनलंडच्या उत्तर टोकाला जाऊन पोहोचली. तिथे लेवीसारखी डोंगरी गावं हिवाळ्यात बर्फावरच्या खेळांवर जगतात आणि उन्हाळ्यात सायकलवाल्यांना बोलावतात. टेकड्या आहेत, तळी आहेत आणि जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री बाराला निघालं तरी उजेड असतो. टेकड्या आणि तळी आपल्याकडेही आहेत. फरक सूर्याचा आहे. मे महिन्यात जालना जिल्ह्यात सायकल चालवायची तर पहाटे पाचला निघायचं आणि साडेआठच्या आत सावली गाठायची. पुढे पारा बेचाळिशीकडे सरकतो आणि डांबर टायरला चिकटायला लागतं.

या साडेतीन तासांच्या हिशेबात बसणारं गाव म्हणून बदनापूर निवडलं. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं, पण एसटीच्या खिडकीतून. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना बी-बियाण्यांची आणि खतांची दुकानं, रसवंत्या, चहाच्या टपऱ्या, की संपलं बदनापूर. जालना इथून साधारण वीस किलोमीटर. रेल्वे स्थानकही आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ही लाइन १९०० च्या सुमारास निजामाच्या काळात पडली, तेव्हा मीटरगेज होती. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. वंदे भारत इथे थांबत नाही, ती शिटी देऊन निघून जाते. पॅसेंजर थांबते, आणि सायकलवाल्याच्या कामाची तीच.

इतिहास थोडक्यात उरकतो. निजामाचं राज्य, १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तीचा दिवस, मग औरंगाबाद जिल्हा, १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, पुढे बदनापूर तालुक्याचं ठिकाण बनलं. किल्ला नाही, लेणी नाहीत. मात्र महाराष्ट्राच्या आणि शेजारच्या राज्यांच्या वरणात या गावाचा वाटा मोठा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथे आहे आणि तुरीचे कितीतरी वाण इथूनच बाहेर पडले. पांढऱ्या दाण्याची, लवकर येणारी बीडीएन-७११, लाल दाण्याची बीएसएमआर-७३६, जी मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. मोसंबीचं संशोधन केंद्रही इथलंच. पर्यटनाच्या फलकावर यातलं काही लिहिता येत नाही. पण मे महिन्यात गावाबाहेर पडलं की शेताच्या बांधांवर, घरांच्या मागे, गोठ्यांच्या कुडाला लागून तुराट्यांच्या गंजी दिसतात. त्यांतल्या कितीकांचं बी या केंद्राच्या वाणांचं असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

सर्वांत सोपी आणि सर्वांत सुंदर वाट सोमठाण्याची. बदनापूरपासून ही सकाळची रपेट आहे. नवशिक्याने घ्यावी अशी. महामार्ग सोडला की ट्रकचा आवाज मागे पडतो आणि काळ्या, नांगरून टाकलेल्या रानांमधून रस्ता जातो. ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले असतात. मधेच मोसंबीची बाग येते, आणि बाहेरगावचा माणूस हळहळतो की पाण्यावाचून झाडं पिवळी पडली. हळहळायचं कारण नाही. मृग बहर धरायचा तर या दिवसांत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं गळू देतात. पाऊस पडला की फुलं लागतात. खरोखरीची होरपळ कशी असते ते जालन्याने २०१२-१३ च्या दुष्काळात पाहिलं. तेव्हा बागाच्या बागा वाळल्या, आणि वीस-वीस वर्षांची झाडं शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने सरपणाला तोडली. त्याच जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं.

सोमठाण्याला टेकडीवर रेणुकामाता आहे. लोक गडच म्हणतात. नवरात्रात इथे यात्रा भरते, तेव्हा सायकल काय, पायही ठेवायला जागा नसते. मे महिन्यातल्या पहाटे मात्र गड मोकळा. नारळ विकणाऱ्या एक आजी होत्या. सायकल पाहून त्यांनी विचारलं, "गाडी बंद पडली का बाबा?" हौसेने सायकलवर आलोय म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "माहूरच्या आईला जायला पैसा लागतो, इथल्या आईला नुसते पाय लागतात." नारळ घ्यावाच लागला.

वरून धरण दिसतं. सरकारी कागदांत त्याचं नाव अप्पर दुधना, लोकांच्या तोंडी सोमठाण्याचं धरण. दुधना इथून खाली परतूर, सेलूकडे जाते आणि परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते. उन्हाळ्यात पाणी मधे गोळा होऊन बसलेलं असतं आणि चहूबाजूंनी भेगाळलेला गाळ उघडा पडतो. पाणी हटेल तसतशी काठावर गाळपेर होते. काकड्या, टरबुजं, थोडा हिरवा चारा. टिटव्या ओरडत डोक्यावर घिरट्या घालतात, बगळे उथळ पाण्यात उभे. साडेसहाच्या सुमारास हे सगळं पाहावं. आठनंतर डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. या दिवसांत धरणांतला गाळ शेतात नेऊन टाकण्याची कामंही चालतात. ट्रॅक्टर आणि हायवा धुरळा उडवत समोरून येतात, तेव्हा सायकलवाल्याने निमूटपणे उतरून बाजूला व्हावं.

परतताना मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. या भागात सायकलचा खरा शत्रू चढ नाही. बाभूळ आणि सराटा हे दोघे आहेत. त्यामुळे बदनापुरात शिरल्यावर पहिली चौकशी सायकलवाल्या मिस्त्रींची केली, आणि खरं सांगायचं तर या गावाची ओळख त्यांच्या पत्र्याच्या दुकानातच पटली.

मिस्त्री साठीचे. पुढे पाण्याचं घमेलं, भिंतीला जुन्या टायरांच्या माळा, एका खोक्यात छर्रे, एका डब्यात ग्रीस. दुकानात सायकलींची दाटी एवढी की बसायला जागा नाही. एकजात सगळ्या मुलींच्या, दांडा नसलेल्या, पुढे जाळीची टोपली असलेल्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्यांतल्या या. वर्षभर ढेकळांतून, पाणंदीतून, चिखलातून पळालेल्या. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्याआधी महिनाभर हे दुकान भरलेलं असतं.

"या पोरींच्या सायकलीवर माझं घर चालतं बघा भाऊ," ते म्हणाले. "पोरं सायकल घेत नाहीत. पोराला दहावी झाली की मोटारसायकल पाहिजे."

काटा काढताना त्यांनी घाई केली नाही. ट्यूब घमेल्यात फिरवून बुडबुडा पाहिला, खूण केली, मग अख्ख्या टायरच्या आतून बोटं फिरवली. "एक काटा काढून भागत नाही. दुसरा आत बसलेला राहतो, तो दोन कोसांवर बोलतो." खरोखरच दुसरा निघाला. मग मागचं चाक उचलून फिरवलं आणि चिमट्याशी अंगठा धरून नुसत्या नजरेने आऊट काढायला बसले. एक आरी ढिली, समोरची घट्ट, पुन्हा फिरव, पुन्हा अंगठा. शहरात या कामासाठी स्टँड असतो, गेज असतं. इथे अंगठ्याचं नख आहे, आणि चाक शेवटी नखाला न लागता फिरतं. फ्रीव्हीलचे कुत्रे घासलेत, चढावर दगा देतील, असंही त्यांनी आवाजावरून सांगितलं.

त्यांच्या वडिलांचं दुकान भाड्याच्या सायकलींचं होतं. तासावर सायकल मिळायची. नाव वहीत लिहायचं, ओळखीचा माणूस सांगायचा. आसपासच्या खेड्यांतली माणसं रेल्वेने यायची, उतरून सायकल भाड्याने घ्यायची, कचेरीचं काम उरकून संध्याकाळच्या गाडीआधी परत करायची. शिक्षक, तलाठी, पोस्टमन सगळे सायकलवर. ॲटलास कंपनीने २०२० मध्ये साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना बंद केला, ती बातमी मिस्त्रींनी मोबाइलवर पाहिली होती. दुकानात एक जुनी काळी ॲटलास टांगलेली आहे. विकत मागितली तर नको म्हणाले. मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला आऱ्या बांधता येतात, पण बांधायची इच्छा नाही.

त्यांना विचारलं, उन्हाळ्यात सायकलवर कुठे जावं? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. मग म्हणाले, "राजूरला जा. चतुर्थीला आम्ही रात्रीच निघायचो."

राजूरचा रस्ता दाभाडीवरून उत्तरेला जातो. एका बाजूने पंचवीस-तीस किलोमीटर धरावेत, म्हणजे जाऊन-येऊन हे काम सरावलेल्या माणसाचं. वाटेत समृद्धी महामार्ग आडवा येतो. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता गावांच्या डोक्यावरून जातो आणि गावं खालच्या बोगद्यातून ये-जा करतात. त्या बोगद्याचा एक फायदा मात्र मान्य करावा लागेल: या मार्गावरची सर्वांत गार सावली तीच. शेळ्या, म्हातारे आणि सायकलवाले तिथे एकत्र थांबतात. राजुरेश्वर टेकडीवर आहे, शेवटचा चढ पायांची परीक्षा घेतो. अंगारकीला जालन्यापासून माणसं रात्रभर पायी येतात. त्या दिवशी सायकल घरी ठेवावी. एरवी सकाळी सातला दर्शन, चहा, पोहे आणि परतीचा रस्ता. ऊन चढलं तर सायकल टेम्पोत टाकून येण्यात कसलीही लाज नाही.

तिसरी वाट जालन्याकडे, घाणेवाडीच्या तलावाची. निजामाच्या राजवटीत, १९३० च्या दशकात कुंडलिकेवर बांधलेला हा तलाव जालना शहराला विजेच्या पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी देतो. अशी सोय आज कोणी बांधून देणार नाही. मधल्या काळात तो गाळाने भरत गेला, तेव्हा जालनेकरांनी वर्गणी काढून गाळ उपसला. तलाव पाहण्यासारखा आहे, बांधावर सकाळी वाराही असतो. पण तिथे पोहोचण्यासाठी महामार्गावरून जावं लागतं आणि इथे कौतुक थांबवावं लागतं. मालगाड्या, ऊस-कापसाचे ट्रॅक्टर, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली आणि या सगळ्यांत सायकलसाठी उरलेली साइडपट्टी, जी बऱ्याच ठिकाणी डांबराच्या कडेपासून वीतभर खाली खचलेली आहे. ट्रक हॉर्न देतो तेव्हा उतरायला जमीनच नसते. जवसगाव-दरेगावच्या बाजूला ड्रायपोर्ट आहे, म्हणजे अवजड वाहनं वाढणार, कमी होणार नाहीत. एकट्याने ही वाट घेऊ नये, आणि मुलांना घेऊन तर नाहीच.

सावलीचंही तसंच. मिस्त्री सांगत होते, रस्ता एकेरी होता तेव्हा कडेला कडुनिंबाच्या रांगा होत्या, जालन्यापर्यंत सावलीतून जाता यायचं. आता दुभाजकात कण्हेर आहे. कण्हेरीखाली कोण बसणार?

उन्हाळी सायकलवाटा म्हणून बदनापूरचा विचार कोणी केलेला नाही. फलक नाहीत, नकाशे नाहीत, सायकल भाड्याने मिळत नाही. तरीही ज्यांना यायचं आहे त्यांनी मे संपायच्या आत, पॅसेंजरने किंवा स्वतःच्या गाडीवर सायकल टाकून यावं, सोमठाण्यापासून सुरुवात करावी, दोन लिटर पाणी आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवावी, आणि अंगभर सुती कपडे घालावेत. राहण्याची सोय जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शोधावी लागेल.

हौशी माणूस वर्षातून एकदा येईल आणि जाईल. पण जूनच्या मध्यापासून याच रस्त्यांवर दप्तर कॅरिअरला बांधून शेकडो मुली रोज सकाळी शाळेला निघतील, भर पावसात, त्याच खचलेल्या कडेवरून. ज्यांच्या ताब्यात हे रस्ते आहेत त्यांनी त्याआधी निदान शाळांच्या गावांजवळच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून, दाबून, डांबराच्या पातळीला आणाव्यात. सायकली सरकारनेच दिल्या आहेत. त्या चालवायला हातभर रस्ताही द्यावा.