कचेरीतले शब्द – 6 : अफिडेव्हिट

जून-जुलैत नांदगाव खंडेश्वरच्या तहसील कचेरीपाशी उभं राहिलं, की हा शब्द सतत कानावर पडतो. बारावीनंतर एक वर्ष घरी राहिलेल्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी 'गॅप'चं अफिडेव्हिट हवं असतं. सातबाऱ्यावर ज्ञानदेव आणि आधारकार्डावर ज्ञानेश्वर असलेल्या आजोबांना ही दोन्ही नावं आपलीच, असं लिहून द्यायचं असतं. बाप वारल्यावर भावंडं वारसनोंदीसाठी येतात. "अफिडेव्हिट करून आना, मंग पाहू," एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं : स्टॅम्प, टायपिंग, फोटो, सही, शिक्का.

मुळात मात्र हे कागदाचं नाव नव्हतंच, ते नामही नव्हतं. लॅटिनमध्ये 'फिदेस' म्हणजे विश्वास, दिलेला शब्द. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'अफिदारे' हे क्रियापद झालं आणि 'अफिदाव्हित' हे त्याचं भूतकाळी रूप : त्याने शपथेवर सांगितले आहे. इंग्लंडच्या कोर्टांतल्या नोंदी लॅटिनमध्ये ठेवल्या जात. अमक्याने शपथेवर सांगितले, असं कारकून लिही, त्यातलं हे क्रियापद. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ते नाम म्हणून वावरू लागलं. पुढे कायद्याने 1733 पासून तिथल्या कोर्टांतली लॅटिन बंद झाली, पण हा शब्द हटला नाही. ज्याने शपथ घेतली तो माणूस व्याकरणातून बाहेर पडला आणि कागद आत आला. या शब्दाचा पुढचा सगळा इतिहास मला या एका बदलात दिसतो.

नांदगाव ज्यात येतं ते वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि इंग्रजी कायद्याची भाषा हळूहळू इथल्या कचेऱ्यांत शिरली. शपथ इथे नवी नव्हती. मराठी मुलखात गोतसभेपुढे वाद आला, की साक्षीदार बेलभंडार उचलत, कुणी दिव्य करी, आणि निवाडा महजरात लिहिला जाई. नांदगावच्याच खंडेश्वराच्या देवळात यादव राजा कृष्णाच्या काळचा, शके 1177 चा शिलालेख आहे. त्यात देवाच्या पूजेसाठी दिलेली दानं नोंदली आहेत. देवासमोर दिलेला शब्द दगडावर कोरून ठेवायचा, ही रीत या गावाने अफिडेव्हिटच्या कितीतरी आधी पाहिली आहे.

कंपनी सरकारने 1840 च्या कायद्याने कोर्टातल्या हिंदू-मुसलमान साक्षीदारांची गंगाजलाची आणि कुराणाची शपथ काढून तिच्या जागी गंभीरपणे करायची प्रतिज्ञा आणली. 1897 च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाने तर ज्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मुभा आहे, त्यांची प्रतिज्ञाही 'अफिडेव्हिट'च्या अर्थात धरली. मराठीत शपथपत्र आणि प्रतिज्ञापत्र असे दोन शब्द शेजारी शेजारी चालतात, त्यामागे हा भेद आहे. मला प्रतिज्ञापत्र जास्त आवडतो. त्यात देवाला मध्ये न घालता माणूस स्वतः जबाबदारी घेतो.

इतर भाषांत शब्दाने वेगळ्याच वाटा धरल्या. फ्रेंचमध्ये परदेशी रोखेधारकाने कर माफ व्हावा म्हणून द्यायच्या निवेदनाला हे नाव मिळालं. जर्मनमध्ये जे झालं ते मात्र विसरता येत नाही. 1933 नंतर हिटलरच्या राज्यातून निसटू पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकेचा व्हिसा मिळवायचा, तर तिथल्या कुणीतरी हमी द्यावी लागे : हा माणूस सरकारवर भार होणार नाही, याचा खर्च मी उचलीन. त्या हमीपत्राला जर्मन बोलणारी घरं 'अफिडेव्हिट' म्हणत. कधी न भेटलेल्या दूरच्या नातेवाइकाला पत्रावर पत्र लिहून लोक ते मागत. मिळालं तर बोटीची आशा, नाही मिळालं तर पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. जर्मन शब्दकोशांत हा अर्थ अजून नोंदलेला आहे.

तीच हमी आज शांत काळात मराठी घरांतही पोचली आहे. अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा आईवडिलांना कायमचं तिकडे बोलावतो, तेव्हा त्याला आय-864 नावाचा अर्ज भरावा लागतो. त्याचं नाव 'अफिडेव्हिट ऑफ सपोर्ट', आणि त्यातली हमी कायद्याने बांधणारी असते. आईबापांना सांभाळीन, हे इथे कुणी लिहून मागत नाही. तिथे ते सहीनिशी द्यावं लागतं.

आपल्याकडे शब्दाचा अर्थ घसरला तो स्टॅम्पपेपरपाशी. सरकारी कार्यालयांत आणि कोर्टांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य शासनाने 1 जुलै 2004 च्या आदेशाने माफ केलं. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने पुष्कळ ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरवलं. तरी स्टॅम्पशिवाय अफिडेव्हिट, ही कल्पनाच लोकांना पटत नाही. मजुरी बुडवून आलेला माणूस जिथे कोऱ्या कागदावर काम भागलं असतं, तिथे पैसे मोजतो. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याहून मोठी हानी शपथेची आहे. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे वाक्य ठरलेल्या मजकुरात आधीच असतं. टायपिस्ट बोट दाखवील तिथे आजोबा अंगठा उठवतात आणि आपण आत्ता शपथ घेतली, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्या कागदातलं खोटं मात्र त्यांच्या नावावर राहतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 प्रमाणे खोट्या पुराव्याला न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत आणि इतरत्र तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे.

काय वाचायचं, तेही कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19 सांगतो, की प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीतल्या, स्वतः सिद्ध करता येतील अशाच गोष्टी लिहाव्यात. अंतरिम अर्जांत 'माझा असा विश्वास आहे' म्हणता येतं, पण त्या विश्वासाची कारणं द्यावी लागतात. म्हणून वारसांच्या कागदावर 'अन्य कोणीही वारस नाही' ही ओळ आली, की थांबावं आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं त्यात आहेत का, ते आधी पाहावं.