अब्बांची वही

आमचे अब्बा, अल्लाह त्यांची मगफिरत करो, ३१ वर्षं ट्रक चालवत होते. सांगलीहून हळद किंवा गूळ भरायचा, मुंबईत खाली करायचा, आणि परतीचं भाडं मिळेल तेव्हा घरी यायचं. ट्रक ड्रायव्हर म्हटलं की लोक नाक मुरडतात. अब्बा बिडीसुद्धा ओढत नव्हते. शिवी मात्र द्यायचे. घाटात कोणी चुकीच्या बाजूने पुढे घुसला की हमखास, आणि लगेच अस्तगफिरुल्लाह म्हणायचे.

१९६१च्या कायद्याने वाहतूक कामगाराला दिवसाला ८ तास काम ठरवून दिलं होतं. अब्बांची निम्मी रात्र तर मुंबईच्या जकात नाक्यावरच्या रांगेत जायची. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती जकात संपली. शब्द एकच, पण अब्बा म्हणायचे, "एक जकात खुशीनं द्यायची, दुसरी कपाळाला हात लावून."

मालक डिझेल मोजून द्यायचा. उतारावर गाडी न्यूट्रल करून वाचलेलं डिझेल विकणारे पुष्कळ होते. अब्बा खंबाटकी ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात असले घाट उतरायचे. डिझेल मालकाची अमानत आणि ब्रेक आमच्या अम्मीची, असं त्यांचं म्हणणं.

रमजानमध्ये लांबच्या फेरीवर ते मुसाफिराची सवलत घेत आणि सुटलेले रोजे थंडीत, दिवस लहान असताना, पुरे करत. मोहल्ल्यात कुजबुज व्हायची. अम्मी म्हणायची, "ज्यानं सवलत दिली त्याला रस्ता ठाऊक आहे."

गेल्या वर्षी रजबमध्ये अब्बा घरीच, झोपेत गेले. त्यांच्या पेटीत हिशेबाची वही होती. शेवटच्या पानावर तीन देणी. कराडच्या टायरवाल्याचे २,१००. खोपोलीजवळच्या ढाब्याचे ६४०. आणि १९९८ साली ताडपत्री फाटून हळद भिजली तेव्हा मालकाने क्लीनरच्या पगारातून कापलेले ९००. त्यापुढे लिहिलं होतं, "मी देणार."

एक नातेवाईक म्हणाले, इतक्या जुन्या पैशांसाठी कोण दारात येणार, आधी घराच्या वाटण्या करा. आम्ही पाचही भावंडं थांबलो. कुरआनने वारसांचे हिस्से सांगताना वसीयत आणि कर्ज आधी ठेवलं आहे. ते फिटल्याशिवाय आम्ही बहिणी काय आणि भाऊ काय, कोणाचाच हिस्सा ठरत नाही.

टायरवाल्याने पैसे मोजून घेतले, आणि अब्बांनी ठेवलेली एक जुनी स्टेपनी उलट आमच्याच गाडीत टाकली. क्लीनर आता स्वतःची गाडी चालवतो. पैसे घेईना. अम्मी म्हणाली, "बेटा, घे. त्यांची मान मोकळी होऊ दे." तेव्हा घेतले.

ढाबा रस्ता रुंद करताना गेला. मालकाचा पत्ता लागलेला नाही. ६४० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. मालक किंवा वारस सापडलेच नाहीत, तर त्यांच्या नावाने सदका करायचा. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ पुन्हा खोपोलीला जाणार आहे.