जुनी मराठी फाईल मोबाईलवर का उघडत नाही? कंपन्यांच्या चढाओढीची शिरवळपासून सांगलीपर्यंतची गोष्ट

सातारा/सांगली : ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या फोनवर एकच प्रश्न सारखा येत होता. "२००५ ला आमच्यात पाणी कुठवर आलं होतं हो?" कुणाला जनावरं हलवायची होती, कुणाला धान्य माळ्यावर चढवायचं होतं. उत्तर माझ्याकडे होतं. २००५ च्या पुरात गावोगाव फिरून लिहिलेल्या बातम्या एका जुन्या सीडीत जपून ठेवल्या होत्या. सीडी लावली, फाईल उघडली आणि समोर आली नुसती इंग्रजी अक्षरं. मध्ये डॉलरचं चिन्ह, कुठं डोक्यावर टिंबं असलेला 'ए'. गावाचं एक नाव वाचता येईना.

असला अनुभव फक्त पत्रकारांना येतो असं नाही. सोसायटीची जुनी सभासद यादी, ग्रामपंचायतीचा पंधरा वर्षांपूर्वीचा ठराव, घरातल्या लग्नपत्रिकेचा मजकूर, कुणीतरी पेन ड्राईव्हमधून व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि मोबाईलवर कचरा दिसतो. लोक म्हणतात फाईल खराब झाली, व्हायरस आला. बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते. खोड वेगळीकडंच आहे. ती समजायची तर आधी टाईपरायटरपर्यंत मागं जावं लागेल, आणि तो रस्ता आपल्याच जिल्ह्यातून जातो.

पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदी ओलांडली की खंडाळा तालुक्यातलं शिरवळ लागतं. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात टाईपरायटर बनायचे. गोदरेजनं देशी बनावटीचा पहिला टाईपरायटर १९५५ मध्ये आणला. रेमिंग्टन, फॅसिट, हाल्डा या नावांशी त्याची टक्कर होती. तालुक्याच्या गावात टायपिंगचा क्लास म्हटलं की यातलंच एखादं मशीन खडखडत असायचं. पुढं संगणक आले. बाकीच्या कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या, गोदरेज टिकून राहिली. २००९ पर्यंत ती वर्षाला दहा-बारा हजार मशीन बनवत होती. मग तेही थांबलं आणि शिरवळमध्ये फ्रीज बनायला लागले. २०११ मध्ये परदेशातल्या पेपरांनी 'जगातला शेवटचा टाईपरायटर कारखाना बंद' म्हणून गाजावाजा केला. तो तेवढा खरा नव्हता, दुसरीकडं मशीन बनतच होती, पण आपल्यासाठी एक जमाना संपला हे खरं.

टाईपरायटरच्या कंपन्या भांडल्या तरी कागदाचं काही बिघडत नव्हतं. रेमिंग्टनवर टाईप केलेला अर्ज वाचायला रेमिंग्टन लागत नाही, डोळे लागतात. संगणकानं इथंच घोटाळा केला.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. इंग्रजी मोठ्या 'ए' ला ६५ हा आकडा सगळ्या जगानं मान्य केलेला. पण मराठीच्या 'क' ला कोणता आकडा द्यायचा? सरकारनं १९८८ मध्ये 'इस्की' नावाची एक पद्धत ठरवली होती, १९९१ मध्ये ती मानक म्हणून पक्की झाली. बाजारात मात्र प्रत्येक कंपनीच्या फॉन्टनं आपली वेगळी चूल मांडली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, शिवाय हिंदीतून आलेला कृतिदेव. फॉन्टमध्ये जागा सव्वादोनशे-अडीचशे. त्यात मराठीची अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, रफार सगळं कोंबायचं. मग इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठीचे तुकडे बसवले. समजा एकीनं ६५ वर 'अ' ठेवला, तर दुसरीनं तिथं 'ळ' ठेवला. फाईलमध्ये साठतो नुसता ६५. ज्या संगणकात तो फॉन्ट आहे तिथं मराठी दिसतं. नसेल तिथं इंग्रजी 'ए'. माझ्या पुराच्या बातम्यांचं झालं ते हेच.

या कंपन्यांना सरसकट शिव्या घालणंही बरोबर नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीची नीट सोय झाली ती विंडोज २००० मध्ये. त्याच्या आधीची कितीतरी वर्षं मराठी पेपर, पुस्तकं, पत्रिका, निवडणुकीची पत्रकं या भारतीय सॉफ्टवेअरवरच निघाली. अक्षरंही देखणी होती. उलट विंडोजसोबत फुकट आलेल्या 'मंगल' फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना ते आजही खुपतं. पण कंपनीचा धंदा असा की एकदा गिऱ्हाईक आपल्या फॉन्टात लिहायला लागलं की ते कुठं जात नाही. जुन्या फाईली सोडून जाणार कसं? त्यात महागाच्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागं एक 'लॉक' खोचावं लागायचं. ते हरवलं की आपलंच लिखाण आपल्याला बंद.

आता अमेरिकेतली गंमत बघा. १९८८ च्या मार्चमध्ये ॲपलनं मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला, की आमच्या पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रं तुम्ही चोरली. पुढच्याच वर्षी झेरॉक्सनं ॲपलवर दावा केला, की मुळात ती कल्पना आमची. वकिलांनी पैसा मिळवला. ॲपल हरली, झेरॉक्सच्याही हाती फार काही लागलं नाही. पण त्याच काळात झेरॉक्सचे जो बेकर आणि ॲपलचे मार्क डेव्हिस व ली कॉलिन्स एका टेबलावर बसून जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी आकडे ठरवत होते. १९९१ च्या जानेवारीत त्याची रीतसर संस्था झाली. मायक्रोसॉफ्ट आली, आयबीएमही आली. तेच युनिकोड.

आपल्याकडं भाऊबंदांचा बांधावरून कोर्टात दावा चालू असतो आणि सामायिक विहिरीच्या पाळ्या मात्र ठरलेल्या दिवशी बिनबोभाट फिरतात. तसलाच हा प्रकार. आणि त्यात कुणाचा चांगुलपणा वगैरे नव्हता. जपानमध्ये, चीनमध्ये, भारतात संगणक विकायचे तर प्रत्येक भाषेसाठी वेगळा खटाटोप परवडणारा नव्हता.

युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्या १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला. त्यात 'क' म्हणजे २३२५, 'म' म्हणजे २३५०. विंडोज असो, ॲपल असो, गुगलचं अँड्रॉईड असो, हा आकडा बदलत नाही. म्हणून तुमच्या आठ हजारांच्या फोनवरून गेलेलं 'जेवलास का' पुण्यातल्या पोराच्या आयफोनवर जसंच्या तसं उमटतं. तो परत हसरा चेहरा पाठवतो, त्यालाही युनिकोडनंच आकडा दिलाय.

चहाच्या टपरीवर विंडोज भारी की ॲपल, आयफोन भारी की सॅमसंग यावर तास-तास वाद चालतो. चालू दे. चढाओढीनं भाव उतरतात, हे आपण २०१६ मध्ये जिओ आल्यावर नेटच्या दरात बघितलं. पण माझं मत विचाराल तर यंत्र कुणाचं यापेक्षा आत साठवलेलं आपलं लिखाण, आपला हिशोब दुसऱ्याच्या यंत्रावर उघडतो का हे आधी बघावं. दूध संकलन केंद्राला, पतसंस्थेला सॉफ्टवेअर विकायला माणूस येतो तेव्हा त्याला एवढंच विचारा, "उद्या तुमचं बंद केलं तर सभासदांचा सगळा हिशोब साध्या एक्सेलमध्ये काढून देणार का?" तो गडबडला तर सही करायची घाई नको.

टायपिंगची परीक्षा देणाऱ्या पोरांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. लिपिक-टंकलेखक भरतीला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र मागतात. पण फॉन्ट आणि कीबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोडमध्ये जुन्या रेमिंग्टन पद्धतीनंही टाईप करता येतं आणि सरकारी इनस्क्रिप्ट पद्धतीनंही, जिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. बोटांना एक वळण लागलं की दुसरं जड जातं. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी परीक्षेला कोणता कीबोर्ड मिळणार ते विचारून घ्या.

आता जुन्या फाईलींचं काय? पहिलं म्हणजे पुसू नका. आणि वाचता येत नाही म्हणून तिच्यात काही टाईप करून सेव्ह तर मुळीच करू नका. संगणकावर वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं, ते कागदावर लिहून घ्या. ज्या डीटीपीवाल्याकडं तो फॉन्ट अजून आहे त्याच्याकडून आधी प्रिंट काढून ठेवा, कागद कधी दगा देत नाही. मग नेटवर त्या-त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदल करणारे कन्व्हर्टर मिळतात, बरेचसे फुकट आहेत. मात्र आधार नंबर, खाते नंबर असलेली यादी कुठल्याही अनोळखी वेबसाईटवर चिकटवू नका. तेवढ्यासाठी संगणकात उतरवून नेट बंद ठेवून चालणारा कन्व्हर्टर बघा.

कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवता येत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाईप व्हायचा. युनिकोडमध्ये दोन्ही उलटे साठतात. अदलाबदल नीट झाली नाही की शब्द मोडतो. माझी पुराची फाईल शेवटी अशीच बदलून घेतली, पण पाणी ओसरल्यावर. पहिल्या झटक्यात कर्नाळचं 'कनार्ळ' झालं होतं आणि भिलवडीचं 'भलिवडी'. गावांची नावं एकेक करून हातानं दुरुस्त केली, त्यात दोन रविवार गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि तोच फोन आला. या वेळी मोबाईलवर गावाचं नाव टाईप केलं आणि २००५ ची ओळ वाचून दाखवली.