रॅगा
रॅगा : जमेकातील रेगे संगीताचा अंकीय वाद्यांवर आधारलेला उपप्रकार. ‘रॅगामफिन’ या इंग्रजी शब्दाचे (अर्थ : फाटक्या वेशातील उनाड मुलगा) हे संक्षिप्त रूप असून भारतीय संगीतातील ‘राग’ या संज्ञेशी त्याचा संबंध नाही.

रेगे संगीत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टन येथे उदयास आले. ढोलसंच, बास गिटार, गिटार व ऑर्गन यांच्या मेळातून सिद्ध होणाऱ्या त्याच्या तालस्वररचनेस ‘रिडिम’ म्हणतात. भजनात एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात, त्याप्रमाणे एकाच रिडिमवर अनेक गायक आपापली गीते रचतात. ही गीते ‘साउंड सिस्टिम’ या फिरत्या ध्वनिक्षेपण-संचांद्वारे उघड्यावरील नृत्यसभांत ऐकविली जात.

यांत्रिक तालवाद्यांचा वापर पूर्वीही झाला होता. तथापि रॅगाचा निर्णायक आरंभ १९८५ मधील ‘अंडर मी स्लेंग टेंग’ या गीताने झाला. नोएल डेव्ही व गायक वेन स्मिथ यांना कॅसिओ एमटी-४० या लहान घरगुती कीबोर्डमध्ये आधीच भरलेला एक ‘रॉक’ ठेका सापडला. निर्माते लॉइड जेम्स ऊर्फ किंग जॅमी यांनी त्याची लय संथ करून त्यावर गीत मुद्रित केले. हा ठेका कॅसिओ कंपनीतील ओकुदा हिरोको या जपानी संगीतज्ञ महिलेने रचला होता. विद्यार्थिदशेत त्यांनी रेगेवर प्रबंध लिहिला होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

रॅगात बास व ताल ठळक असतात आणि इतर वाद्ये विरळ असतात. जुन्या रेगेत दुर्बल मात्रांवर येणारा गिटारचा तुटक आघात येथे गौण ठरतो किंवा कीबोर्डवर वाजविला जातो. १९९० च्या सुमारास रूढ झालेल्या ठेक्यात आठ समान भागांची ३ + ३ + २ अशी विभागणी आढळते. त्यावर ‘डीजे’ लयबद्ध शब्दफेक करतो. महाराष्ट्रात ध्वनिमुद्रिते वाजविणाऱ्यास डीजे म्हणतात. जमेकात ही संज्ञा अशा शब्दफेक करणाऱ्या कलावंताची आहे.

या बदलामुळे वादकांचा मेळ न जमविताही अल्प खर्चात ध्वनिमुद्रण शक्य झाले व गरीब वस्त्यांतील तरुणांना संधी मिळाली. मात्र ध्वनिमुद्रणगृहांतील अनेक वादकांचे काम हिरावले गेले. स्लेंग टेंग रिडिमवर पुढे शेकडो गीते निघाली. रिडिम ही सामाईक ठेव मानण्याच्या प्रथेमुळे हा प्रसार वेगाने झाला. परंतु मूळ रचनाकाराच्या श्रेयाचा व मोबदल्याचा प्रश्न अनिर्णित राहिला. रॅगातील काही गीतांवर हिंसेचे व समलिंगी व्यक्तींविषयीच्या द्वेषाचे उदात्तीकरण केल्याची टीका झाली.

शॅबा रँक्स याच्या ‘डेम बो’ (१९९०) या गीताच्या रिडिममधून लॅटिन अमेरिकेतील रेगेटोनचा पाया घातला गेला. ब्रिटनमध्ये पंजाबी वंशाचा गायक अपाचे इंडियन याने रॅगा व भांगडा यांचा मेळ घातला. भारतात गोव्यामध्ये २०१६ साली ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला. २०१८ मध्ये यूनेस्कोने जमेकातील रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.