कामावरील माणूस : त्याचा स्वभाव की कारखान्याची घडी?

मुंबईच्या गिरणीत वीस-पंचवीस वर्षे इमानेइतबारे काम केलेला एखादा गृहस्थ इस्रायलात येतो, दक्षिणेकडील एखाद्या नगरातील मिफआलमध्ये रुजू होतो, आणि दोन-तीन वर्षांतच त्याच्याविषयी वरिष्ठांचे एक मत कायम होऊन बसते : माणूस भला, कामसू, पण गप्प, त्याला पाळीप्रमुख करण्यात अर्थ नाही. आपल्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणांच्या वाट्यास हे मत आले. ‘होदीम शांत असतात’ हे वाक्य एरवी स्तुतीदाखल बोलले जाई आणि बढतीच्या वेळी तेच आडवे येई. पुढे पुढे आपल्यापैकीही पुष्कळांस वाटू लागले की हा शांतपणा आपल्या रक्तातच असावा.

आम्हांस हे मान्य नाही. कामावर माणूस कसा वागतो हे त्याच्या जन्मजात स्वभावापेक्षा कामाची घडी कशी बसविली आहे यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. कारखाने व कचेऱ्या यांतील मानवी वर्तनाचा जो अभ्यास गेल्या शंभर वर्षांत झाला, त्याचे एक महत्त्वाचे सार हेच आहे. त्यातील दोन प्रयोग आम्ही येथे थोड्या विस्ताराने सांगणार आहोत. एक अमेरिकेतील आहे व दुसरा अहमदाबादेतील. परंतु त्याआधी मुंबईची जुनी घडी आठवली पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेक कुटुंबे तीतूनच येथे आली.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगाराचा खरा धनी मालक नव्हता, गोरा वा पारशी मॅनेजरही नव्हता. तो होता जॉबर, म्हणजेच मुकादम. माणसे भरती करणारा तोच, काम शिकविणारा तोच, रजा देणारा, दंड करणारा आणि अडीअडचणीला व्याजाने पैसे देणारा किंवा देवविणाराही तोच. सकाळी भोंग्याच्या वेळी दरवाजाशी उभ्या राहिलेल्या बदली कामगारांपैकी आज कोणास आत घ्यावयाचे, हे त्याच्या मर्जीवर असे. ब्रिटिश अमदानीतील शाही मजूर आयोगाने १९३१ सालच्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली, तरी ती लवकर मोडली नाही. अशा घडीत वर तोंड करून बोलणे म्हणजे उद्याच्या भाकरीवर पाणी सोडणे. तेव्हा शहाणा माणूस गप्प बसे. आणि सगळ्यांचा गप्पपणा एकदम सुटला की संप होई. १९२८ सालचा संप सुमारे सहा महिने चालला. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अशा माणसांना ‘शांत’ म्हणावे काय?

जाता जाता एक गोष्ट. मुकादम हा शब्द आपल्याला गिरणीआधीपासून ठाऊक आहे. कोकणात व मुंबईत आपल्या सिनेगॉगचा प्रमुखही मुकादमच, त्याच्या खाली चौगुले, गबाई, समाश अशी मांडणी. एकच शब्द दोन्हीकडे, पण एकाजवळ लोक तंटा घेऊन न्यायासाठी जात आणि दुसऱ्यापुढे मान खाली घालून उभे राहात.

आता अमेरिकेकडे वळू. शिकागोलगतच्या सिसरो या गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता; तेथे टेलिफोनची उपकरणे तयार होत. १९२४ साली तेथे एक साधा प्रश्न तपासण्यास आरंभ झाला : दिव्यांचा उजेड वाढविल्यास काम वाढते काय? उजेड वाढविला, काम वाढले. उजेड कमी केला, तरीही पुष्कळदा काम घटले नाही. तपासणारे चक्रावले. १९२७ साली त्यांनी टेलिफोनचे रिले जुळविणाऱ्या पाच मुली व त्यांना सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहाजणींना एका स्वतंत्र खोलीत बसविले आणि त्यांचे कामाचे तास, मधली सुट्टी, मोबदल्याची रीत ही एकामागून एक बदलून पाहिली. काम वाढतच गेले. शेवटी सर्व सवलती काढून घेतल्या, आठवड्याचे पुन्हा अठ्ठेचाळीस तास केले. तरीही उत्पादन पूर्वीपेक्षा वरच राहिले. हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो व त्यांचे सहकारी यांनी असा निष्कर्ष काढला की या मुलींकडे कोणीतरी लक्ष देत होते, त्यांचे मत विचारीत होते, आणि त्यांचा आपसांत एक मेळ जमला होता.

हा निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत शिरला. परंतु वाचकांनी तो डोळे मिटून स्वीकारू नये. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की फार बोलतात व मनासारखे काम करीत नाहीत म्हणून पहिल्या पाचांपैकी दोघींना १९२८ च्या आरंभी काढून त्यांच्या जागी अधिक चपळ अशा दोघी आणल्या होत्या. तसेच या लहान गटाला त्याच्याच उत्पादनावर मोबदला मिळत असल्याने पैशाचाही वाटा मोठा होता. म्हणजे गोड बोलल्याने सर्व काही साधते, पगाराची गरज नाही, असा जो सोयीचा अर्थ काही मालकांनी काढला तो खरा नव्हे.

आम्हांस त्याच कारखान्यातील दोन दुसऱ्या गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली मुलाखतींची. १९२८ ते १९३० या काळात तेथील २१,००० हून अधिक कामगारांशी बोलणी झाली. प्रथम ठराविक प्रश्न विचारीत. कामगार हो-नाही करून मोकळे होत. मग प्रश्न बाजूला ठेवून त्यांना हवे ते बोलू दिले, तेव्हा अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर जाऊ लागली. माणसे तीच होती, फक्त विचारण्याची रीत बदलली होती.

दुसरी गोष्ट १९३१-३२ ची. टेलिफोनच्या स्विचांना तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांच्या खोलीत एक निरीक्षक नुसता बसून राहिला. त्याला दिसले की दिवसाचे ‘वाजवी’ काम किती, हे त्या मंडळींनी आपसांत ठरवून टाकले आहे. जास्त काम करणाऱ्याला नावे ठेवीत, दंडावर गुद्दा हाणीत; फार कमी करणाराही त्यांना चालत नसे; आणि साहेबाकडे चुगली नेणारा तर मुळीच नाही. मोबदला वाढविण्याची योजना कागदावर उत्तम होती, परंतु जास्त काम दिसले तर उद्या दर कापतील किंवा माणसे कमी करतील ही धास्ती त्यांच्या मनात होती. मंदीचे दिवस होते, तेव्हा ती धास्ती खुळी होती असे कोण म्हणेल? ज्याला वरिष्ठ ‘आळस’ म्हणतात, तो पुष्कळदा असा विचारपूर्वक केलेला बंदोबस्त असतो.

अहमदाबादचा प्रयोग आपल्या अधिक जवळचा. त्या शहरात आपल्या समाजाची वस्ती आहे, १९३४ साली बांधलेले मागेन अब्राहाम सिनेगॉग आहे, आणि आमच्या वाचकांपैकी काहींचे बालपण तेथेच गेले आहे. साराभाई घराण्याच्या कॅलिको गिरणीत १९५२ साली स्वयंचलित माग बसविले गेले. यंत्रे नवी, पण उत्पादन व कापडाचा दर्जा मनासारखा येईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांना आढळले की २२४ मागांच्या त्या खात्यात २९ माणसे बारा निरनिराळ्या प्रकारची कामे करीत आहेत : कोणी विणकर, कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेले ताणे सांधणारा, कोणी तेल घालणारा, कोणी झाडणारा. विणकराकडे चोवीस किंवा बत्तीस माग, ताणे सांधणाऱ्याकडे साठ ते ऐंशी, तेल घालणाऱ्याकडे सगळेच. प्रत्येकाचे वर्तुळ निराळे. त्यामुळे एका मागावर सूत तुटले तर ते नेमके कोणाचे दुखणे, हे कोणासच सांगता येत नसे. विणकराने सांधणाऱ्याची वाट पाहावी आणि सांधणारा दुसऱ्याच विणकराकडे अडकलेला असावा, हे नित्याचे.

राइस यांनी सुचविले की चौसष्ट मागांमागे सात माणसांचा एक गट करावा आणि त्या मागांची सारी जबाबदारी त्या गटाकडे द्यावी. विशेष असे की ही कल्पना कानी पडताच कामगारांनीच ती उचलली आणि गटात कोण असावे तेही आपसांत ठरविले. आरंभी गडबड झाली. नंतर मागांचे उत्पादन वाढले व बिघडलेल्या कापडाचे प्रमाण उतरले. माणसे तीच, माग तेच, शहरही तेच. सतरा वर्षांनी, १९७० मध्ये, एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा एका खात्यात गटपद्धती जवळजवळ होती तशीच चालू होती आणि अन्यत्र ती विरघळून जुनी रीत परत आली होती. ही गिरणी आता राहिली नाही.

हे ध्यानी धरून इस्रायलातील मिफआलकडे पाहू. येथील घडी अगदी निराळी. मेनाहेलला त्याच्या नावाने हाक मारावयाची, त्याच्या खोलीत न विचारता शिरावयाचे, आवाज चढवावयाचा आणि दुपारी त्याच्याच टेबलाशी जेवावयास बसावयाचे. येथे वाद घालणे हा उद्धटपणा नव्हे; तो कामात मन असल्याची खूण समजली जाते. वाआदच्या निवडणुकीत उभा राहणारा, कायमपणासाठी भांडणारा, तोच उद्याचा पाळीप्रमुख. आपला माणूस मात्र ‘सर’ म्हणून उभा राहिला, सांगितलेले केले, आणि आपले काम कोणीतरी पाहील याची वाट पाहात राहिला. मुंबईच्या घडीत जे शहाणपण होते ते येथे उणीव ठरले. वरिष्ठांनी त्या मौनाचा अर्थ ‘संमती’ किंवा ‘कुवत नाही’ असा लावला. आपण त्यांच्या आरडाओरड्याचा अर्थ ‘अपमान’ असा लावला. दोन्ही अर्थ चुकीचे होते, पण पगारपत्रकावर परिणाम झाला तो एकाच बाजूच्या.

आणि मौन रक्तात असते तर १९६४ कसे घडले असते? विवाहाच्या बाबतीत आपल्या वंशाची चौकशी करण्याचा जो आदेश रब्बी-मंडळाकडून १९६२ साली निघाला, त्याविरुद्ध याच ‘शांत’ माणसांनी यरुशलेमेत बायकामुलांसह धरणे धरले. त्या उन्हाळ्यात क्नेसेतला या प्रश्नात लक्ष घालावे लागले आणि आदेशाचे शब्द बदलले गेले. येथे मुकादमाची मर्जी नव्हती, शेजारी आपलीच माणसे होती, आणि बोलण्याचा विषय प्रत्येकाचा स्वतःचा होता. घडी बदलली तशी माणसे बोलली.

सांप्रत परिस्थिती पालटली आहे. दक्षिणेतील पुष्कळशा कापडगिरण्या १९९० नंतर बंद पडल्या. १९९५ पासून अंमलात आलेल्या आरोग्यविमा कायद्यानंतर हिस्तद्रूतचे सभासदत्व व दवाखाना यांची गाठ सुटली आणि तिचे बळ ओसरले. आपली मुले व नातवंडे आज रुग्णालयांत, बँकांत, विमानतळावर, संगणक कंपन्यांत जबाबदारीच्या जागांवर आहेत, आणि आता त्यांच्या हाताखाली निराळी ‘शांत’ माणसे आहेत : इथिओपियातून आलेली, रशियन बोलणारी, थायलंडहून मजुरीस आलेली. त्यांच्याविषयीही तसलीच वाक्ये जेवणाच्या टेबलाशी बोलली जातात, आणि ती बोलणारांत आपली मंडळी नसतात असे आम्ही म्हणू शकत नाही. एखादी नवी परिचारिका सभेत तोंड उघडत नसेल, तर तिला चारचौघांत प्रश्न टाकण्याऐवजी पाळी संपल्यावर पाच मिनिटे एकटीशी बोलून पाहावे. तिचे काम ज्या तिघी-चौघींशी जोडलेले आहे त्यांना एकत्र काम वाटून घेऊ द्यावे. आणि तिने दाखविलेली चूक दुरुस्त झाली की तसे तिला सांगावे. एवढे करूनही ती गप्पच राहिली, तर मग तिच्या स्वभावाविषयी बोलण्यास हरकत नाही.

आपल्या सिनेगॉगच्या समित्या व मंडळे यांतही असेच चालते. वार्षिक सभेस माणसे येत नाहीत, आली तर बोलत नाहीत, तरुणांना आस्था नाही, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. तक्रार करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना आम्ही उलट विचारतो : गेल्या सभेत सभासदाने केलेली एखादी सूचना अंमलात आली काय? हॉलच्या खुर्च्या मांडण्यापलीकडे तरुणांकडे कोणते संपूर्ण काम सोपविले? सणाचा सारा खर्च व सारी व्यवस्था सात जणांच्या एका गटावर सोडून अध्यक्षांनी त्या दिवशी मागच्या रांगेत बसून पाहावे. आगामी सिम्हात तोरापासून कोणत्याही एका शाखेने हे करून पाहिले, तर तेथील हकीकत आम्ही या पानांत आनंदाने छापू.