खिंडीपलीकडची कचेरी

पेनरिथहून ॲल्स्टनला जायचे तर हार्टसाइडची खिंड चढावी लागते. पेनाइन डोंगररांगेतला हा घाट सुमारे ५८० मीटर उंचीवर जातो आणि हिवाळ्यात बर्फ साचले की बंद पडतो. ॲल्स्टनचे पाणीही वेगळ्या वाटेने जाते. तिथली साउथ टाइन नदी वळसा घेत उत्तर समुद्राकडे निघते, तर पेनरिथकडचे ओढे ईडन नदीतून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीत उतरतात. तरीही १९७४ पासून २०२३ पर्यंत ॲल्स्टनचा कचरा कधी उचलायचा, तिथल्या एखाद्या घराला मजला चढू द्यायचा की नाही, हे पेनरिथच्या कचेरीत ठरत होते.

या कचेरीच्या हद्दीला ईडन डिस्ट्रिक्ट म्हणत. इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियात हा मुलूख आहे. क्षेत्रफळ २,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक आणि वस्ती ५५ हजारांच्या आसपास. चौरस किलोमीटरमागे पंचविसेक माणसे. साऱ्या इंग्लंडमध्ये इतकी विरळ वस्ती दुसऱ्या कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये नव्हती. महाराष्ट्रात सर्वांत विरळ असलेल्या गडचिरोलीतसुद्धा २०११ मध्ये हा आकडा ७४ होता. पेनरिथ, ॲपलबी, कर्क्बी स्टीफन, ॲल्स्टन ही बाजारगावे सोडली की उरतात ती मेंढ्यांची कुरणे, दगडी कुंपणे आणि एकमेकांपासून लांब असलेली शेतघरे. अशा ठिकाणी कारभाराचा प्रश्न पैशाआधी अंतराचा असतो.

ईडन डिस्ट्रिक्ट जन्माला आला तो १९७२ च्या कायद्याने. १ एप्रिल १९७४ रोजी कंबरलँड आणि वेस्टमोरलँड या जुन्या काउंट्यांचा कारभार संपला आणि दोन्हींचे तुकडे जोडून ईडन तयार झाला. ॲपलबी हे वेस्टमोरलँडचे मुख्य गाव. काउंटी गेली तरी तिचे नाव राहावे म्हणून गावाने स्वतःलाच ‘ॲपलबी-इन-वेस्टमोरलँड’ म्हणवून घेतले. नकाशे लंडनमध्ये आखले जातात, पण ज्यांच्या गावावरून रेघ ओढली जाते त्यांचा जीव किती तुटतो, ते त्या लांबलचक नावात दिसते.

नव्या रचनेत कामांची वाटणी अशी होती. शाळा, रस्ते, पूल, वृद्धांची आणि अपंगांची काळजी कंब्रिया काउंटी कौन्सिलकडे. कचरा, घरबांधणीचे परवाने, बेघरांना निवारा आणि निवडणुका डिस्ट्रिक्टकडे. घरांवरचा कौन्सिल टॅक्स वसूल करायचा डिस्ट्रिक्टने, पण त्यातला मोठा वाटा जायचा काउंटीला, काही पोलिसांना, आणि स्वतःकडे उरायचा लहानसा. त्यात ईडनचा बराचसा पश्चिम भाग लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथले बांधकामाचे परवाने उद्यानाचे प्राधिकरण देते. २०१६ मध्ये यॉर्कशायर डेल्स उद्यानाची हद्द वाढली, तेव्हा दक्षिणेकडची काही गावेही अशीच डिस्ट्रिक्टच्या हातून गेली. एकाच डिस्ट्रिक्टमधल्या तीन शेतकऱ्यांना गोठ्याच्या परवानगीसाठी तीन वेगळी दारे ठोठवावी लागत.

या सगळ्यांच्या तळाशी पॅरिश कौन्सिल. मला या व्यवस्थेतली सर्वांत जिव्हाळ्याची पायरी हीच वाटते. चर्चच्या जुन्या हद्दींवरून नाव आले असले तरी १८९४ च्या कायद्याने धर्मकारभारापासून वेगळी, निवडून आलेली गावसभा उभी राहिली. तिथे बायकांना मत देता येत होते आणि उभेही राहता येत होते. संसदेचे मत त्यांना मिळाले १९१८ मध्ये, तेही सगळ्यांना नाही. खुद्द इंग्लंडच्या काउंट्यांमध्ये निवडून आलेली कौन्सिले आली १८८९ मध्ये. तोवर कारभार जमीनदार न्यायाधीशांच्या हाती होता. इकडे हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात अंशतः निवडून आलेली लोकल बोर्डे स्थापण्याचा कायदा १८८४ मध्ये झाला होता. म्हणजे त्या काळी राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या खेड्यांतही लोकांचा कारभार पुरता रुजलेला नव्हता.

पॅरिश कौन्सिलचे काम छोटे: खेळाचे मैदान, दफनभूमी, बसथांबा, पायवाटा. सदस्य बहुधा बिनपगारी, आणि अर्धवेळ चिटणीस एकच. बांधकामाच्या अर्जावर ती मत देऊ शकते, निर्णय नाही. पण तिच्या सभेची नोटीस तीन दिवस आधी गावात लावावीच लागते. शिवाय दर वर्षी १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान साऱ्या मतदारांची सभा होते, आणि सहा मतदारांनी मागणी केली तर एरवीही अशी सभा बोलावता येते. अगदी लहान पॅरिशमध्ये कौन्सिल नसतेच. सगळे मतदार मिळून सभा घेतात. आपली ग्रामसभा हेच काम करते.

या दुबळ्या पायरीने एकदा मोठे काम करून दाखवले. कर्क्बी स्टीफन आणि भोवतालच्या गावांत शेतकऱ्याच्या मुलाला बापाच्याच शेतावर घर बांधता येत नव्हते, कारण नियम शहरे बेबंद पसरू नयेत म्हणून केलेले होते. सुट्टीपुरती घरे घेणाऱ्यांनी किमती वाढवल्या होत्या, त्यामुळे गावातले घर विकत घेणेही त्याच्या आवाक्याबाहेर. तरुण निघून गेले की आधी शाळा रोडावते, मग बस बंद होते. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने गावांना स्वतःचा विकास आराखडा करण्याचा हक्क दिला आणि ‘अप्पर ईडन’मधल्या सतरा पॅरिश एकत्र आल्या. शेतावर कुटुंबासाठी घर, म्हाताऱ्यांना झेपतील अशी घरे, स्वतः बांधायची परवडणारी घरे आणि वेगवान इंटरनेट हा त्यांच्या आराखड्याचा गाभा होता. ७ मार्च २०१३ रोजी सार्वमत झाले. अशा आराखड्यावरचे हे देशातले पहिले सार्वमत. सुमारे एक तृतीयांश मतदार आले आणि त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांनी होकार दिला. परवाने देताना हा आराखडा विचारात घेणे आता कायद्याने बंधनकारक झाले. मार्च महिन्यात, कोणाही पुढाऱ्याचे नाव मतपत्रिकेवर नसताना, केवळ घरांच्या नियमांसाठी डोंगरातली माणसे मतदानाला गेली, याचे मोल मी फार मानतो.

डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळ आले. अल्सवॉटर तळ्याच्या टोकाचा, १७६४ साली बांधलेला पूली ब्रिजचा दगडी पूल वाहून गेला. पूल काउंटीचा, पूरग्रस्तांच्या राहण्याची सोय डिस्ट्रिक्टची. गावकऱ्याला मात्र पहिल्या रात्री शेजारीच भेटतो. कायमचा नवा पूल, स्टेनलेस स्टीलचा, वाहतुकीला खुला व्हायला २०२० उजाडले.

आणि मग १ एप्रिल २०२३ रोजी ईडन डिस्ट्रिक्ट आणि कंब्रिया काउंटी कौन्सिल दोन्ही बरखास्त झाली. ईडन, साउथ लेकलँड आणि बॅरो हे तीन डिस्ट्रिक्ट मिळून एकच ‘वेस्टमोरलँड अँड फर्नेस’ कौन्सिल आली, तिचे मुख्यालय केंडलला. जुने नाव परत आले याचा ॲपलबीला आनंद झाला असेल. पण आकडे पाहा. ईडनचे ३८, साउथ लेकलँडचे ५१ आणि बॅरोचे ३६ असे १२५ डिस्ट्रिक्ट सदस्य जाऊन त्यांच्या जागी ६५ आले. कामे मात्र काउंटीचीही त्यांच्याच अंगावर पडली. एकाच दारी सगळे काम होते, दुहेरी खर्च वाचतो, हे खरे. नव्या कौन्सिलने ईडनसाठी स्थानिक मंडळही नेमले आहे. तरी ज्या सदस्याला आधी तीन-चार दऱ्या सांभाळायच्या होत्या त्याला आता कितीतरी अधिक सांभाळाव्या लागतात, आणि ॲल्स्टनच्या माणसाला खिंड ओलांडून पेनरिथ गाठले तरी केंडल अजून पाऊण तासाच्या आसपास दूर राहते.

डिसेंबर २०२४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने उरलेल्या दुहेरी कारभाराच्या काउंट्यांमध्येही हीच रचना आणायचे ठरवले आहे, आणि नव्या कौन्सिलांची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास असावी अशी तिची अपेक्षा आहे. डेव्हन, नॉरफक, सफक यांसारख्या काउंट्यांतल्या खेड्यांना हा आकडा लावायचा म्हणजे एका कचेरीखाली मैलोन्मैल मुलूख येणार. हे करायचेच असेल तर सोबत पॅरिशना पैसा आणि निर्णयाचा हक्क द्यावा. नुसते मत विचारून भागणार नाही. शेतावर घर, गावातला बसथांबा, ओढ्याकाठचा बांध यांचे निर्णय त्या गावातच व्हावेत, आणि त्यासाठी लागणारा कराचा वाटा कायद्याने गावाकडे यावा.